बर्फाची बाजू

सेलूला स्टेशन रोडवर वलीभाईंचा स्टुडिओ होता
आणि स्टुडिओत एक गाव.
दोन्ही अंगांनी रंगवलेला मांजरपाट,
वर बांबू, खाली बांबू,
एका अंगाला उन्हाळा, दुसऱ्याला बर्फ.
उलटवायचं काम माझं.
महिन्याला साठ रुपये आणि दुपारचा चहा.

मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेसोबत घरी यायचं,
तेव्हा गिऱ्हाइकं बर्फ मागत.
कोट एकच, लोकरीचा, तपकिरी,
बाह्यांना डांबरगोळ्यांचा वास.
नवरदेव घालायचा, मग त्याचा भाऊ, मग मेहुणा.
मी टॉवेलानं घाम टिपत फिरायचो
आणि काळ्या कापडाखालून वलीभाई ओरडायचे,
"अरे, जरा थंडी तर वाजू द्या चेहऱ्याला!"

पौषात उलटं.
कानाला मफलर गुंडाळून आलेली माणसं
हिरव्या उतारासमोर मफलर सोडून ठेवत.
तळ्याकाठी लाकडी घर, खिडकीत लाल फुलं,
आणि तीन गाई.
सखाहरी पेंटरनं कॅलेंडर बघून काढलं होतं सगळं,
गाईपाशी आला तेव्हा मात्र
कॅलेंडर बाजूला ठेवलं असणार.
तिघींना वशिंड होतं.
लोंबते कान, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके,
अस्सल देवणी,
स्वित्झर्लंडात चरत होत्या.

बर्फाच्या अंगाला गाई नव्हत्या.
एका पोरानं विचारलं, थंडीत कुठं जात्यात?
गोठ्यात, मी म्हणालो.
त्यानं त्या लाकडी घराकडं नीट पाहिलं.
पटलं त्याला.

वालूरची एक बाई आलती, मेमध्ये, नवऱ्यासोबत.
पावतीवर नाव मीच लिहिलं: चंद्रकला मुंजाजी.
कोट त्याला दिला,
त्यानं तो तिच्या खांद्यावर टाकला,
म्हणाला, बर्फ हाये ना तिकडं, गारठंल.
दोघांना हसू आवरेना.
दोन फिल्मा वाया गेल्या.

जानेवारीत ती एकटी आली.
मी सवयीनं हिरवळ सोडली.
"ही न्हाई," ती म्हणाली. "ती."
कोट तिनंच खुंटीवरून काढला.
उभी राहिली डाव्या कडेला,
मेमध्ये होती तिथंच, वीतभर इकडंतिकडं नाही.
वलीभाईंनी दोनदा हातानं खुणावलं, मधे या, मधे.
मग काळ्या कापडात शिरले
ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.
फोटो न्यायला तिचा दीर आला.
पाकीट न उघडता खिशात घातलं.

पुढं जिनिंगवाल्या काबऱ्यांचा धाकटा
खराखुरा जाऊन आला तिकडं,
एकदा उन्हाळ्यात, एकदा बर्फात.
अल्बम घेऊन बसला स्टुडिओत.
सगळं बरोबर होतं. डोंगर, घर, खिडकीतली फुलं.
डोंगर चढणारी आगगाडी होती,
ती काही सखाहरीला सुचली नव्हती.
"गाई?" मी विचारलं.
"होत्या की. गळ्यात एवढाल्या घंटा."
"आणि वशिंड?"
त्यानं अल्बम परत पहिल्यापासून चाळायला घेतला.

आता तिथं झेरॉक्स आहे.
पडदा मी मागून घेतला. घडी होईना,
तसाच गुंडाळून सायकलला आडवा बांधला,
वळणावर लोक शिव्या देत होते.
दहा वर्षं झाली, गोठ्याला टांगलाय,
उत्तरेकडून वारा येतो म्हणून.
आतल्या अंगाला हिरवळ.
आमची गाय तळ्याकडं पाठ करून बसते,
तिला त्याचं काही नाही.
बर्फ रस्त्याच्या अंगाला.
पोपडे धरलेत, एका डोंगराला भोक पडलंय,
घराच्या धुराड्यातून मागची भिंत दिसते.

पहाटे धार काढायला बसलो
की शिकवणीला निघालेलं एखादं पोरगं
सायकल टेकवून थांबतं,
बघत राहतं.
आत काहीतरी हंबरतं.