रेघा

ग्रिम्सबीत, गोदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान:
खिळे, बल्ब, रंगाचे डबे, बादल्या, मांजराचं खाणं.
गल्ला दोनवर ग्लेनिस ओथवेट, एकोणीस वर्षं.
गल्ला तीनवर मी, गेल्या मार्चपासून.

पहिल्या दिवशी तिने मला शिकवलं ते
सुटे मोजायला नव्हे, ते यंत्र मोजतं.
तिने दाखवली पावतीच्या कागदाची पाठ
आणि तिच्यावर पेन्सिलीच्या रेघा,
चार उभ्या, पाचवी आडवी,
कैदी भिंतीवर दिवस मोजतात तशा.
"एखाद्या वस्तूला यंत्र बीप करत नाही ना,
तेव्हा गिऱ्हाईक म्हणतं, मग फुकटच असणार!
म्हणतंच."

मी म्हटलं, सगळेच थोडे म्हणत असतील?
दुपारपर्यंत सात रेघा.
आणि प्रत्येक जण असा हसलेला
की ही शिळी कढी
आत्ता, त्याच्याच चुलीवर, पहिल्यांदा उतू गेली.

इतरही होतं.
"ठीक ना?" हा प्रश्न,
ज्याचं उत्तर "ठीक ना?" हेच.
दोघं एकमेकांच्या हातावर एकच नाणं ठेवतात
आणि पुढे जातात, कुणाचाच खिसा जड होत नाही.
"तक्रार करून काय होणार", पोटभर करून झाल्यावर.
"जे आहे ते आहे."
हे ऐकलं की ग्लेनिस डोळे मिटायची.
"नाहीतर काय, जे नाही ते आहे?"
आणि मालकाचा पोरगा कॅलम, रोज शटर वर करताना, मला:
"काय, स्वप्न जगतेयस ना?"
हातात पोचा, बाहेर उत्तर समुद्राचा वारा,
वाऱ्याला हॅडकचा वास.

पण रेघ फक्त फुकटवाल्यांना. तिचा नियम.
नाताळच्या आदल्या दिवशी एकतीस.
त्या संध्याकाळी म्हणाली,
कान काढून भिजत घालावेत असं वाटतं.

मिस्टर ट्रॅनमर गुरुवारचे.
पूर्वी ट्रॉलरवर होते, डाव्या हाताला तीनच बोटं.
ते वस्तूच निवडून आणत
स्टिकर फाटलेली, ओली झालेली
(मी पाहिलंय त्यांना नखाने खरवडताना)
आणि पट्ट्यावर ठेवून थांबत,
वात पेटवून कान झाकलेल्या पोरासारखे.
बीप नाही.
"मग फुकटच असणार, पोरी!"
ग्लेनिस त्यांच्यादेखत रेघ ओढायची,
पेन्सिल कागदात रुतेपर्यंत.
तिला राग यायचा, खराखुरा,
रात्री नवऱ्याला जेवताना सांगण्याइतका.

फेब्रुवारीत ते एका सोमवारी आले.
एकच बल्ब. स्टिकर फाटलेलं.
यंत्र गप्प.
ग्लेनिसने पेन्सिल उचलली.
ट्रॅनमर बल्बकडे बघत होते,
मग तळहातावर मांडलेल्या नाण्यांकडे.
"म्हणा ना," ग्लेनिस म्हणाली.
"काय?"
"काही नाही. एक पौंड ऐंशी."
आकडे तिने हाताने दाबले, चुकले, पुन्हा दाबले.
ते गेले. दारावरची घंटी वाजली.
तिने रेघ ओढली.

मी म्हटलं, अगं, ते म्हणालेच नाहीत.
"ठाऊक आहे."
मग ही धरायची नाही.
"माझ्या हिशोबात काय धरायचं
ते तू मला शिकवू नकोस."

पुढच्या माणसाने चिकटपट्टी ठेवली.
"ठीक ना?"
ग्लेनिसने त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं
की तो वळून बघायला लागला,
आपल्यामागे कोण उभं आहे.
"ठीक," ती म्हणाली. "तुम्ही?"
आणि चिकटपट्टी हातात धरून
उत्तरासाठी थांबली.