नोंद

वसमतच्या तालीम संघाच्या नव्या रजिस्टरात
बाप एक नंबरला चढला.
मरीबा पाईकराव. सत्तेचाळीस कुस्त्या, हार तीन.
सगळ्या नाल्यापलीकडच्या हौद्यातल्या,
जिथं जिंकला तरी नारळ अन् आठ आणे हाली,
अन् जत्रेचा ढोल ऐकू यायचा फक्त.

पुरावा म्हणून मी नेली
मायची उधारवही,
मागून उघडली की पैलवानच पैलवान.
कारकुनानं टाइप केलं, ‘समाविष्ट’.
आम्ही आत आलो
का नाला आटला, इचारलं नाही.

दोन नंबरवर घसरले किशनराव देशमुख.
त्यांचा नातू उठला.
वाटलं, भांडतो आता.
हळूच म्हणला, “आजा सांगायचा,
एका रातीला, आसनेच्या वाळूत, दोघंच...”

वहीत तारीख हाये ती.
म्होरं मायनं
काहीच लिहिलं नाही.