पाटी

सदुसष्टच्या जानेवारीत
सगुण च्यारीनं म्हापशाच्या भिंतींवर
सकाळी विलीनीकरणवाल्यांचं फूल काढलं,
दुपारनंतर वेगळं राहणाऱ्यांची दोन पानं.
दर एकच. चुना ज्याचा त्याचा.
तुझं मत कुणाला, विचारलं
तर ब्रश रॉकेलात बुडवून म्हणायचा,
देठ दोघांनाही लागतो.

वीस वर्षांनी, मे महिन्यात
कचेरीतला शिपाई आला, शिडी घेऊनच.
राज्य झालं. पाटी बदल.
'गोवा, दमण व दीव' यातलं
पुढचं सगळं खोडायचं.

दमणला त्याचा थोरला भाऊ,
जकातनाक्यावर, बायकोही तिकडचीच.
सगुणनं आधी स्वल्पविराम पुसला.
मग दीव, मग तो एकटा व.
दमणपाशी विडी पेटवली.

खाली चौकात फटाके, पेढे,
शिपाई ओरडतोय, आटप रे.

आता पाटीवर डावीकडे गोवा
आणि उजवीकडे हातभर निळा रंग,
बाकीच्यापेक्षा किंचित ताजा.
मधोमध घेतो म्हणाला होता,
पण त्याचे पैसे निराळे.
साहेबांनी फाईल केली.

उन्हं कलली की निळ्याखालून
द आणि म वर येतात.
ण मला दिसत नाही.
सगुणला दिसतो.