पेव

पत्ता कुणी लिहून दिला नव्हता.
"हरिपूर रस्ता, बंद पंपानंतर डावीकडं,
कुत्री भुंकली की समजायचं, आलं."
एवढंच एस्तेर म्हणाली. कुत्री भुंकली.

बाळगोंडा दारात खुर्ची टाकून,
मांडीवर बॅटरी, कानांत कापूस.
"दोनच्या आत गप करायचं,
आन् पोत्यांना टेकू नका, शेठची हाईत."
मला ओळखलं त्यानं. अडतीवर रोज बघतो,
लिलावाच्या वहीत मान घातलेली.
बोलला नाही काही. उजेड माझ्या चपलांवर मारला
आणि बाजूला घेतला.

आत अंधार, राजापुरी हळदीचा वास,
आणि आवाज असा
की कानांच्या आधी दातांना कळला.

जुनैदनं साउंडचं खोकं ठेवलं होतं वजनकाट्यावरच.
लाल आकडे हलत होते, तेवढाच दिवा:
चाळीस, एकेचाळीस, चाळीस.
प्रत्येक ठोक्याला वजन.
मिरजेतल्या सतारी करणाऱ्या घरातला पोरगा.
त्याचा आजा भोपळ्यावर टिचकी मारून सांगायचा
कुठला बोलेल, कुठला तडकेल.
हा दुपारभर फरशीला कान लावून पडला होता म्हणे.
"खाली पेवं हाईत!" माझ्या कानात ओरडला,
"जुनी, रिकामी! आख्खा भोपळा हाय खाली!"

पेव मला माहीत आहे.
बाबा उतरायचे.
तोंड उघडलं की लगेच आत जायचं नाही,
वारा खेळू द्यायचा, मग दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर वर बसून राहायचं.
"घाई केलेला माणूस
पोत्यासारखा वर येतो," म्हणायचे.

म्हणून मी भिंतीशी उभी. बराच वेळ.
डोक्यावर हातभर उंच
एकोणीसच्या पुराची रेघ.
म्हणजे आम्ही सगळे पाण्याखालीच होतो:
एस्तेर, वॉर्डातून तशीच आलेली, छातीवर उलटं घड्याळ,
कुपवाडच्या फाउंड्रीतली तीन पोरं, एकाच्या भुवया जळालेल्या,
साडी नेसलेलं एक उंच कुणीतरी,
ज्याला इथं कुणी काही विचारलं नाही.

कंदील कधी सोडला, आठवत नाही.
विझला नाही एवढं खरं.

सदतीस वर्षांचे पाय. आधी ते मोजत होते,
सवयच ती, हाशील, तूट, एकूण.
मग कुठल्यातरी आकड्यावर
मोजणी सुटली.
अंधारात कुणीतरी हात धरला.
जुने व्यापारी रुमालाखाली असाच धरायचे:
बोट दाबलं की शंभर, मूठ वळली की पाचशे.
इथं रुमाल नव्हता. भाव नव्हता.
खरबरीत तळवा, गरम.
होता. मग नव्हता.

फरशीच्या फटींतून
कितीतरी हंगामांची भुकटी उठत होती,
घामावर बसत होती,
कुणी कुणाला लावली नाही,
लागली.

दोनला बाळगोंडानं मेन खाली ओढला.
काट्याचे आकडे गेले.
आम्ही थांबलो, आणि तळव्यांना वाटलं
खाली अजून कोणीतरी थांबलं नाहीय.
जुनैद गुडघ्यावर बसला, तळहात जमिनीला टेकवून,
उठ म्हटलं तर उठेना.
एस्तेरला सहाची ड्युटी. तिनं रुमालानं घड्याळ पुसलं,
तोंड नाही.

सकाळी दुधाच्या रांगेत विमलमावशी.
नजर गळ्यावर, कानामागं, नखांत.
हळद रोजच असते माझ्या अंगावर, अडतीची.
आजवर कुणी विचारलं नव्हतं.
"कुणाची हळद होती गं?"
"जवळच्यांची," म्हटलं,
आणि सुटे मोजून घेतले.
नावं विचारली असती
तर तीनच सांगता आली असती.