अर्ध्या उंचीचं कार्ड

टीव्हीखाली एक चपटी काळी पेटी आहे,
अकरा वर्षांची.
मी गदिनियाच्या गोदीतून निवृत्त झालो त्याच वर्षी आणलेली,
म्हणून तिचं वय विसरता येत नाही.
तिच्यात आमचे सगळे सिनेमे आहेत,
यूलिताच्या बहिणीचं लग्न आहे,
आणि एक फोल्डर, ज्याला मी नुसतं 'इतर' म्हणतो.

नाताळात मुलीनं नवा टीव्ही दिला.
इतका रुंद, की बर्फातून चालणाऱ्या माणसाच्या
भुवईवरचा कण न् कण दिसावा.
पण माणूस चालेल तर ना.
एक पाऊल. थांबतो.
दुसरं पाऊल. थांबतो.
त्याचा आवाज पुढे जाऊन वळणावर वाट बघत बसतो.
यूलिता म्हणते, "गुडघे गेले असतील बिचाऱ्याचे,
तुझ्यासारखे."

तीन आठवडे झाले, मी कार्ड शोधतोय.
पेन्शनमधून बाजूला काढलेत तीनशे झ्वोती,
पिठाच्या डब्यामागे.
एक कार्ड बुटकं, पेटीत बसतं,
पण नव्या सिनेमांची लिपी त्याला वाचता येत नाही.
एक सगळं वाचतं,
पण पेटीचं झाकण लागत नाही.
एक वाचतं, बसतंही,
पण त्याचा पंखा नाण्याएवढा
आणि ओरडणं बंदरातल्या सीगलचं.

बाजाराच्या तळघरात, घड्याळवाल्याशेजारी,
तिमोन नावाचा पोरगा बसतो.
त्यानं तीन पंख्यांचं धूड पुढे सरकवलं.
"स्वस्त देतो, आजोबा. यावर काहीही चालेल."
म्हटलं, बाळा, माझं अंथरूण दोनशे चाळीस वॅटचं.
याचे पाय मी कुठे पसरू?

त्याला काय सांगणार.
चौतीस वर्षं जहाजांच्या पोटात वायर ओढली.
एकदा मासे नेणाऱ्या बोटीवर
आचाऱ्यानं एकच शेगडी जास्त लावली,
आणि सबंध खालचा मजला काळोखात,
सोळा माणसं, एकमेकांच्या नावाने शिव्या.
तेव्हापासून भार आधी मोजतो.
हौस मागाहून.

शेवटी पोरानं खोक्याच्या तळातून एक काढलं.
दातांच्या डॉक्टरच्या स्वागतकक्षातलं, वापरलेलं.
पंखाच नाही, नुसते ॲल्युमिनियमचे काप,
सोललेल्या माशाच्या काट्यासारखे.
तीस वॅट. दोनशे साठ झ्वोती.
मागची पट्टी मात्र उंच पेटीची होती,
छोटी डॉक्टरकडेच राहिली म्हणे.
घरी येऊन मी ती करवतीनं कापली,
स्वयंपाकघरात, वर्तमानपत्र पसरून.
यूलिता भुशाकडे बघत होती.
लोखंडाचा भुसा पिठाजवळ नको, एवढंच म्हणाली.

माणूस चालला.
बर्फातून, न थांबता, आवाजासकट,
थेट त्या लाकडी दारापर्यंत.
यूलिता दहा मिनिटांत झोपली.
तिला उठवून आत पाठवलं
आणि 'इतर' उघडलं.
गोदीतलं माझं शेवटचं जलावतरण.
जहाज घसरत पाण्यात जातंय
आणि चित्र हलतंय, कारण कॅमेरा माझ्या हातात होता.
ते हलणं कार्डाला काही थांबवता आलं नाही.

एक वाजला असेल.
ती अनवाणी दारात.
"बंद पडलं का?"
नाही, चालू आहे.
"मग घरघर?"
मी समजावलं, आता सगळं काम कार्ड करतं,
प्रोसेसरला ताण नाही,
म्हणून जुना पंखा जेमतेम फिरतो.
ती ऐकत नव्हती.
"त्या घरघरीवरून मला कळायचं," ती म्हणाली,
"की तू इथे बसलायस."
माझ्या छातीच्या ऑपरेशनचं नाव
आमच्यात कुणी काढत नाही.

ती परत गेली.
मी जहाज पुन्हा काठावर आणलं,
पुन्हा सोडलं.
आणि मधूनमधून, घशात काही नसताना,
थोडा खोकलो.