रस्त्यांना नावं

नगरपालिकेचं पत्र आलंय:
रस्त्यांना नावं सुचवा, शुक्रवारपर्यंत.

साठ वर्षं नव्हती ती.
घरांना आकडे होते फक्त,
आणि ते माझ्या बापाने रंगवलेले,
पांढरा रंग, पत्र्याचे साचे, दारामागे अर्धा सेंट.
सातच्या आकड्याला तो साचा उचलल्यावर
हाताने एक शेपूट जोडायचा, जरा जास्तच लांब.
साहेबाला ती कधी दिसली नाही.

आम्हाला इथे उसाच्या ट्रकमधून आणून ओतलं,
नदीच्या मुखाजवळच्या गावातून.
तिथे आता गोल्फ खेळतात.
माझी आई ट्रकमधून उतरली तेव्हा
तिच्या मांडीवर कोंबडी होती आणि पोटात मी.
आकडा मिळाला: एकशे सत्तर.
कोंबडीने पहिल्याच रात्री
कारखान्याच्या भोंग्याला घाबरून अंडं घातलं,
असं आई सांगायची. खरं-खोटं तिलाच ठाऊक.

समुद्र चार मैलांवर.
दिसत नाही. पूर्वेचा वारा असला
की दोरीवरच्या कपड्यांना चव येते.
वाळूवर पाटी होती, कोणी यायचं नाही ते सांगणारी.
तरी जूनमध्ये सार्डिनची काळी सावली काठाला लागली
की झिबुयिले मावशी पहाटे बादली घेऊन निघायची,
त्या पाटीच्याच खालून.
पाटीला कुठे वाचता येतं, म्हणायची, मी कोण ते.
एकदा पोलिसाने बादली उलटी केली.
मासे वाळूत उड्या मारत होते, आणि मावशी त्याला म्हणाली,
आता तूच वेच, गोरा आहेस ना, तुला परवानगी आहे.

मग ती वर्षं आली.
वरची आळी, खालची आळी, मध्ये ओढा.
रात्री दार ठोकून विचारायचे, कुठल्या बाजूचा.
एकशे सात गेलं. एकशे सतरा गेलं,
आतल्या तिघांसकट.
सकाळी काळ्या दारावर
बापाची शेपूट तेवढी राहिली होती.
जास्त सांगत नाही.
त्या रात्री रॉकेलचा डबा धरणारा एक जण
आज सभागृहात माझ्या शेजारच्या खुर्चीवर आहे,
सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसतोय.

नगरसेवक ल्वाझीने यादी आणलीय,
मोठमोठी माणसं, पुतळे असलेली.
मागून क्वोंदेनी उठते, ओचा झटकून:
यातल्या कोणी आपल्या नळावर रांग लावली होती का?
ल्वाझी लाजतो. पोरगा चांगला आहे,
त्याच्या आजीला मी ओळखायचो.

मग नावं पडायला लागतात, जांभळांसारखी.
भोंग्याचं वळण.
दोन नळ, एक कोरडा.
उधारीची गल्ली.
म्थियानेंचा बैल वीज पडून मेला तो चढ—
आमच्या भाषेत हे एकाच शब्दात मावतं,
पण फॉर्मवर चौकोन वीसच.
वाद होतो. बैल होता की गाय?
एक म्हातारा बाहेर निघून जातो,
परत येतो, गाय म्हणतो, परत जातो.

ओढ्याकाठच्या रस्त्याला कोणी काही सुचवत नाही.
पंखा फिरतो. ल्वाझी पेन वाजवतो.
शेजारचा माणूस चष्मा घालतो
आणि माझ्याकडे न बघता म्हणतो,
तो राहू दे तसाच.

मी हो म्हणत नाही. नाही म्हणत नाही.

पाट्या मीच रंगवायच्या असं ठरलं.
बापाचे साचे आहेत माझ्याकडे,
शून्य ते नऊ, गंजलेले, पलंगाखाली.
अक्षरांचे नाहीत. ती हातानेच काढावी लागतील.
चढावरून घरी येताना
मी बैलाचे चौकोन मोजतो बोटांवर.
तेवीस होतात. पुन्हा मोजतो.
वारा पूर्वेचा आहे.
कुणाच्या तरी दोरीवर पांढरी चादर
खारट व्हायला लागलीय.