दोन सुतानं चुकलेला पिक्चर

पोस्टरवर लिहिलं होतं: सहकुटुंब हसा.
तिकिटं तीन काढली, गेलो दोघंच.
ऐनवेळी बायको म्हणाली, गुडघा धरलाय, तुम्ही जावा,
आणि त्याच गुडघ्यानं
दोन जिने चढून गच्चीवर पापड काढायला गेली.

प्रांजल शेजारच्या खुर्चीत. मध्ये पॉपकॉर्न.
अकरावीच्या फॉर्मवर तिनं सायन्स खोडलं
त्याला नऊ दिवस झालेले.
नऊ दिवसांत आमच्यात झालेलं एकूण बोलणं:
'हं.' आणि एकदा, 'मोटर बंद करा.'

पिक्चर तसा हलकाफुलका.
सोळा वर्षांची पोरगी, चोरून फुटबॉल खेळणारी, गोलकीपर;
बाप लेथवाला, माझ्यासारखा.
म्हणजे माझ्यासारखा असायला हवा होता.
लेथखाली चुरा नाही, नखांत काळं नाही,
कूलंटचा वास पडद्यातून येत नाही, तो सोडा,
पण जॉब फिरत असताना हा गडी
मान वर करून दोन मिनिटं भाषण देतो!
उद्यमनगरात असा कारागीर
दुपारच्या आत बोटं मोजत घरी जाईल.

सुटल्यावर खासबागेत भेळ घेतली.
मी म्हटलं, समोरच्या भिंतीला सांगितल्यासारखं,
'दोन सुतानं चुकला पिक्चर.'
भिंतीनं उत्तर द्यायच्या आत ती म्हणाली,
'दोन सूत? वीतभर!'

मग सुरू झालं.
रंकाळ्यात सूर्य तीनदा बुडवलाय, एकदा बास.
बुधवारी रात्री तांबडा-पांढरा कुठल्या घरात असतो?
पावट्याची आमटी वाढा, पोरीला नाक मुरडू द्या.
आई दीड तास पळी घेऊन दारात उभी,
तिला कुणीतरी खाली बसवा, चहा द्या,
बघा मग ती काय काय बोलती.
हॉस्पिटलचा सीन काढून टाका;
बापाला शहाणं करायला दर वेळी
कुणाचं तरी हाड कशाला मोडायचं?
'आणि पप्पा, ऐकलासा? ती म्हणती, "मी जाते."
पेठेतली पोरगी! "मी जाते"!'
एवढी हसली की चुरमुरा नाकात गेला.
मी पाठीवर थापटलं.
हात तिथं जरा जास्तच वेळ राहिला.

'आणि शेवट?' मी विचारलं.
फायनलला बाप स्टेडियमात, डोळ्यांत पाणी,
सगळ्यांना सगळं माफ, सगळे नाचतात,
नाचणाऱ्यांच्या अंगावरनं नावं वर सरकतात.
प्रांजल कागदाच्या कोनात उरलेला शेंगदाणा शोधत होती.
'बाप मॅचला यायलाच नको,' म्हणाली.
'ती हरते. घरी येते. बाप झोपलाय.
फक्त तिच्या ग्लोव्हजची उसवलेली शिवण
कुणीतरी घातलेली असते. वाकडी.'

'वाकडी का? लेथवाल्याचा हात आहे.'
'म्हणूनच. त्याला सुई कुठं येते?'

मी भेळेचा कागद चौकोनी घडी घालत बसलो.
एक शेवट माझ्याकडं पण होता,
डब्याच्या पिशवीत, चार घड्या घातलेला,
पालकांच्या सहीची जागा मोकळी.
काढला नाही. अजून साइजला आला नव्हता;
घाईत कट घेतला की जॉब जातो, हे मला कळतं,
एवढंच मला नीट कळतं.

बिंदू चौकात तिची मैत्रीण स्कूटी घेऊन उभी.
मागं बसता बसता ती ओरडली,
'पप्पा, मी जातो!'
हा डायलॉग हाय असा ठेवायचा.

खिशातलं पेन सकाळपासून गळत होतं,
पांढऱ्या शर्टावर रुपयाएवढा निळा डाग.
आता घरी बायको विचारणार, कसा होता पिक्चर.
मी आधी गुडघ्याचं विचारीन.